सड्यावरचं गवत, 1987 चा मॅसी आणि अकरा महिने

आमच्या गोठ्यात चार म्हशी आणि पाच गाई आहेत. राजापूर तालुक्यात, सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, कडेला घर. पाऊस सरला की घरामागे नजर पोचेल तिथवर कमरेएवढं गवत उभं असतं. जानेवारी-फेब्रुवारीत त्यातलं बरंचसं वणव्यात जातं आणि त्याच महिन्यांत आम्ही घाटावरून कडबा मागवतो. 2025 च्या जानेवारीत एका टेंपोचे 26 हजार दिले आणि त्याच रात्री समोरच्या सड्यावर वणवा लागला. सासरे, मी आणि वाडीतली सात-आठ माणसं पहाटेपर्यंत ओल्या टहाळ्यांनी आग झोडत होतो. सकाळी हातपाय धुऊन ओट्यावर बसले तेव्हा डोक्यात एकच होतं, हे गवत जळायच्या आधी घरात आलं पाहिजे.

विळ्याने कापून, भारे बांधून, डोक्यावरून आणून उडवी रचायची, हे सासऱ्यांच्या उमेदीच्या काळात होत होतं. आता वाडीत माणसं नाहीत. जी आहेत ती आंब्याच्या बागांत गुंतलेली. मालक बोटीवर नोकरीला, वर्षातले चार महिने घरी. म्हणजे गडी मी आणि सासरे.

12 फेब्रुवारीला हातकणंगल्याकडे लग्नाला गेले होते. तिथे शेतात उसाच्या पाचटाचे चौकोनी गठ्ठे पडलेले दिसले, आणि पुढे एक जुना ट्रॅक्टर बेलर ओढत चालला होता. लग्नाच्या साडीतच बांधावर अर्धा तास उभी राहिले. चालवणाऱ्या दादांनी थांबून सगळं दाखवलं. पाचट ओळीत गोळा करतो तो रेक, उचलून दाबून सुतळीने बांधतो तो बेलर. रेकला ट्रॅक्टरची ताकद लागत नाही, त्याची चाकं जमिनीला घासूनच फिरतात. बेलरला मात्र पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा इंजिनवर फिरणारा दांडा लागतो, मिनिटाला 540 फेरे. "पस्तीस एचपीचा जुना ट्रॅक्टरबी चालतोय," ते म्हणाले. त्या वाक्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

घरी आल्यावर आधी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या पोर्टलवर बघितलं. कृषी यांत्रिकीकरणात रेकही आहे, बेलरही आहे. महिला आणि अल्पभूधारक असल्याने अनुदान 50 टक्के, सर्वसाधारण खातेदाराला 40. पण ट्रॅक्टरने ओढायचं अवजार हवं तर ट्रॅक्टरचं आरसी अर्जदाराच्या किंवा घरातल्या कुणाच्या तरी नावावर लागतं. त्याशिवाय शेतकरी ओळख क्रमांकही हवा, 15 एप्रिल 2025 पासून योजनांना तो सक्तीचा झाला. तो मी मार्चमध्येच सेवा केंद्रातून काढला. आधारला जोडलेला मोबाइल सोबत नेला होता म्हणून वीस मिनिटांत झालं. माझ्या पुढच्या आजींचा जोडलेला नंबर मुंबईच्या मुलाचा होता, त्यांना परत जावं लागलं.

नवा ट्रॅक्टर झेपणार नव्हता. शोधता शोधता शाहूवाडीच्या बाजूला एका गावात मॅसी फर्ग्युसन 1035 मिळाला. 1987 चा, तीन सिलिंडरचं सिम्पसन इंजिन. मालक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, त्यांनी स्वतः नवा घेतलेला. पहिल्या हप्त्याची पावती, पान्यांची मूळ पिशवी, आरसीचं पुस्तक, सगळं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं. मुलं पुण्याला, शेती वाट्याने दिलेली. किंमत ठरली 1 लाख 35 हजार. 9 मार्चला निम्मे पैसे दिले. निघताना त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि सुनेला हळदकुंकू आणायला सांगितलं. ट्रॅक्टरला लावलं, मग मलाही.

इथे माझी सगळ्यात महागडी चूक झाली. 23 मार्चला मी ट्रॅक्टर टेंपोत चढवून अणुस्कुरा घाटाने खाली आणला. भाडं 14 हजार. कागद मागाहून होतील असं धरून चालले होते. 4 एप्रिलला मूळ आरटीओ कार्यालयात गेले तेव्हा तीन गोष्टी कळल्या. एक, तीन अक्षरांचा जुना नंबर आणि हाताने लिहिलेलं पुस्तक असल्यामुळे गाडीची नोंद 'वाहन' प्रणालीत नव्हतीच. ती आधी बॅकलॉग म्हणून चढवावी लागते. दोन, पुस्तकावर एका बँकेच्या कर्जाचा शिक्का होता. कर्ज कधीच फिटलेलं, पण बँकही बंद झालेली. तीन, पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण एकदाच झालं होतं आणि त्याचीही मुदत संपून बरीच वर्षं लोटली होती. त्यासाठी गाडी तपासणीला समोर हवी. गाडी माझ्या अंगणात, घाटाखाली.

त्या दिवशी येताना एसटीत मी बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसले होते. सासऱ्यांना काय सांगायचं हे ठरत नव्हतं. सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "हाडला तसो परत व्हर. आता काय करतलंस." म्हणजे, आणलास तसा परत ने.

21 एप्रिलला ट्रॅक्टर परत घाटावर गेला. आणखी 14 हजार. जुन्या मालकांनी आपल्याच गोठ्यात तो ठेवून घेतला आणि भाडं घेतलं नाही.

म्हणून जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांना कळकळीने सांगते, पुस्तक हातात घेतल्यावर पहिल्यांदा तीन पानं बघा: नोंदणीची मुदत, कर्जाचा शिक्का, आणि चेसिस-इंजिनचे नंबर. नंबर गाडीवर घासून साफ करून स्वतः वाचा. पेन्सिल घासून त्यांची छाप घ्यावी लागते, गंजलेला आकडा उठत नाही. आमच्या चेसिसच्या नंबरातला एक आकडा 3 की 8 यावर एक सकाळ गेली. मूळ पावतीवर तो स्वच्छ टाइप केलेला होता, त्या पेटीचे उपकार. आणि ही तीन कामं होईपर्यंत गाडी विकणाऱ्याच्या दारातच राहू द्या.

कामाचा क्रम आमच्या बाबतीत असा लागला. आधी बॅकलॉग, तो 8 मेला प्रणालीत दिसू लागला. मग बंद बँकेच्या अवसायकाच्या कार्यालयातून कर्ज नसल्याचा दाखला. तो आणायला जुन्या मालकांच्या पुतण्याने तीन फेऱ्या मारल्या, मी एक. त्यावर नमुना 35 भरून बोजा उतरवला. मग नमुना 25, तपासणी, पाच वर्षांचं नूतनीकरण. तपासणीच्या आदल्या दिवशी ब्रेक लाइट आणि मागचे लाल रिफ्लेक्टर बसवले, 640 रुपये. शेवटी नमुना 28 वर ना-हरकत. फी, विलंबशुल्क, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं मिळून 11,400 रुपये गेले. विमा नसला तर काहीच पुढे सरकत नाही. थर्ड पार्टीचे साडेआठ हजारांच्या आसपास झाले, पीयूसी वेगळी.

कुणीतरी सुचवलं होतं की एवढी जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवा. तो मार्ग आपल्यासाठी नाही. 2021 च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्या येतात आणि त्या रोजच्या कामाला वापरायच्या नसतात. आपल्याला तर त्याच्याकडून काम करून घ्यायचं आहे.

ना-हरकत 2 जूनला हातात पडली. त्या वर्षी पाऊस 25 मेलाच कोकणात येऊन बसला होता. 6 जूनला अणुस्कुऱ्यात धुकं एवढं की टेंपोवाल्याने दोनदा गाडी कडेला घेतली. तिसरं भाडं 15 हजार. 18 जूनला रत्नागिरीत नमुना 29 आणि 30 दिले आणि 29 जुलैला माझ्या नावाचं स्मार्ट कार्ड पोस्टाने आलं. पोस्टमनदादांनी पाकीट दिलं तेव्हा गोठ्यात होते. शेणाचे हात धुऊन, कोरडे करून मगच उघडलं. नवी नंबरप्लेट ऑनलाइन मागवली, ट्रॅक्टरला जीएसटीसह 531 रुपये पडतात. गणपतीच्या आठवडाभर आधी ती बसली. मोटारीचं लायसन्स माझ्याकडे होतंच. हलक्या वाहनाच्या व्याख्येत साडेसात टनांखालचा ट्रॅक्टर येतो, वेगळं काढावं लागलं नाही.

पावसाळाभर ट्रॅक्टर मांगरात (शेडमध्ये) होता आणि मिस्त्रीकाका दर गुरुवारी येत होते. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, हायड्रॉलिकची सीलं, डिझेलच्या टाकीतला चार बोटं गाळ. इंजेक्टर रत्नागिरीला तपासून आणले. पुढचे दोन टायर नवे. एकूण 58 हजार. सिम्पसनचे सुटे भाग सहज मिळतात, हा या ट्रॅक्टरचा मोठा गुण. खाऱ्या हवेत उघडं लोखंड चार दिवसांत लाल होतं, म्हणून काकांनी प्रत्येक बोल्टला ग्रीस लावायची सवय मला लावली. वायसर कुठे कसा बसतो तेही त्यांनी माझ्याच हातून करून घेतलं. "वैनी, पान्याक हात लावशात तरच यंत्र तुमचा," हे त्यांचं म्हणणं.

5 सप्टेंबरला बेलर घेतला. पाचटाचं काम बंद केलेल्या एका ठेकेदाराकडून, 1 लाख 60 हजारांना. जुना, बाहेरून आलेला, रंग उडालेला. जुना बेलर बघायला गेलात तर पहिल्यांदा चालू करायला सांगू नका. त्याचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, हाताने फिरवा आणि सावकाश बघा. सुतळी नेणाऱ्या दोन्ही सुया एकदम वर येतात का, गवत दाबणाऱ्या दट्ट्याच्या खाचेतून न घासता जातात का. त्यांची वेळ चुकलेली असेल तर दट्ट्या सुया तोडून टाकतो. मग गाठ मारणारी जागा, तिला नॉटर म्हणतात. त्यात एक चोचीसारखा आकडा असतो. सुतळी त्याच्याभोवती फिरते, चोच उघडते, टोक पकडते, आणि कापल्यावर गाठ चोचीवरून ओढून काढली जाते. चोचीची धार झिजलेली नको, सुतळी कापणारी पाती बोथट नको. आणि सलग दहा गठ्ठे बांधून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्यासमोर दहातले नऊ बांधले गेले. दहावा सुटला, त्याचे पाच हजार कमी झाले.

रेक मात्र अनुदानातून घ्यायचा ठरवला. अर्ज 1 ऑगस्टला, आरसी हाती येताच केला. आता सोडत नाही, आधी येईल त्याला आधी. म्हणून कागद तयार असण्याला महत्त्व आहे. सप्टेंबरमध्ये निवडीचा संदेश आला. मग विक्रेत्याचं दरपत्रक, यंत्राचा चाचणी अहवाल आणि आरसी चढवलं. 14 ऑक्टोबरला पूर्वसंमती मिळाली. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. आमच्या ओळखीच्या एका बागायतदारांचं अनुदान एवढ्याच कारणाने गेलं. रेक 78 हजारांचा. अर्धे परत येतील असा हिशेब धरू नका, यंत्रागणिक कमाल मर्यादा ठरलेली असते. मला 31 हजार मंजूर झाले.

आता गवत कुणाचं, हाही प्रश्न होता. आमचा सडा सामाईक. सातबाऱ्यावर तेवीस नावं, त्यातली निम्मी हयात नाहीत, बाकीची दादर-डोंबिवलीला. गणपतीत सगळे चाकरमानी घरी आले तेव्हा आरतीनंतर विषय काढला. फक्त या वर्षीचं गवत, जमिनीवर कसलाही हक्क नाही, असं साध्या कागदावर लिहून अकरा घरांच्या सह्या घेतल्या. थोरले चुलत सासरे सही करताना म्हणाले, "गवत काप, पण चित्रांच्या जागी चाक नेव नको."

ती चित्रं म्हणजे कातळशिल्पं. आमच्याच तालुक्यात बारसू आणि देवीहसोळची शिल्पं आहेत, 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेली. आमच्या सड्यावरच्या दोन आकृत्यांना नाव नाही, फलक नाही. जांभ्यात बोटभर खोल रेषा. ऑक्टोबरात गवताखाली त्या अजिबात दिसत नाहीत, आणि जड ट्रॅक्टरचं चाक कडेवरून गेलं तर ती कड फुटणारच. सासऱ्यांनी आठवणीने जागा दाखवली. आम्ही चारी बाजूंनी वीस-वीस पावलं सोडून काठ्या रोवल्या आणि त्यांना लाल कापड बांधलं. तिथलं गवत हातानेसुद्धा कापलं नाही. सड्यावर यंत्र नेणाऱ्या प्रत्येकाने गावातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन आधी एक फेरी मारावी, ही माझी विनंती आहे.

दसरा 2 ऑक्टोबरला होता. 9 तारखेला घराजवळचं अर्धा एकर ब्रश कटरने कापून घेतलं. माणूस, यंत्र, पेट्रोल धरून दिवसाचे 1,200. दोन दिवस उन्हात वाळलं. 11 तारखेला बेलर जोडला आणि पहिल्याच ओळीला भीतीने गार पडले.

माझ्या ट्रॅक्टरला एकच क्लच आहे. क्लच दाबला तर चाकांबरोबर पीटीओही सुटायला हवा. पण बेलरचं फ्लायव्हील फिरतच राहतं आणि ते पीटीओच्या दांड्यातून उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतं. मी क्लच पूर्ण दाबलेला, ब्रेक दाबलेला, आणि ट्रॅक्टर गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, दिशेने चाललाच होता. हाताने गियर न्यूट्रल केला तेव्हा गडगा चार हातांवर होता. मिस्त्रीकाकांना फोन केला. त्यांनी सांगितलं की दांड्यावर एकाच बाजूला पकडणारा कपलर बसवायचा असतो, ओव्हररनिंग कपलर. तो ट्रॅक्टरकडून बेलरकडे जोर जाऊ देतो, उलटा येऊ देत नाही. कोल्हापूरहून मागवला, 4,500 रुपये, पाच दिवस लागले. दुहेरी क्लचचा ट्रॅक्टर असेल तर हा प्रश्न येत नाही. जुन्या, एका क्लचच्या ट्रॅक्टरला बेलर लावणार असाल तर कपलर बसवल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

दुसरं एक, जे मी स्वतःला रोज मोठ्याने सांगते: बेलर तुंबला की आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, किल्ली खिशात, फ्लायव्हील थांबलेलं डोळ्यांनी बघायचं, आणि मगच हात घालायचा. ओढणी नाही, मोकळा पदर नाही. दांड्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण फुटलेलं होतं, ते 1,800 रुपयांना नवं बसवलं.

मग सुतळी. बाजारातली तागाची घेतली तर कुठे जाड, कुठे बारीक. चोचीत गाठ बसेना. उजवीकडची गाठ सुटायची, गठ्ठा पंख्यासारखा उघडायचा. दोन दिवस सुतळीलाच दोष देत होते. तिसऱ्या दिवशी पाती काढून बघितली तर धार पुरती गेलेली. कानशीने धार लावली, चोचीत अडकलेला गवताचा भुसा साफ केला, सुतळी धरून ठेवणाऱ्या चकतीचा स्प्रिंग अर्धा आटा आवळला आणि बेलरसाठीचीच सुतळी मागवली. त्यानंतर चाळीस गठ्ठ्यांमागे एखादा सुटला. प्लॅस्टिकची सुतळी स्वस्त पडते, पण गठ्ठा सोडल्यावर तिचा एक तुकडाही गव्हाणीत जाता कामा नये, गाईच्या पोटात तो साठून राहतो. मी तोडलेली सुतळी मोजून खुंटीला लावते. एका गठ्ठ्याच्या दोन.

दिवाळीच्या आधी भात कापायला घेतलं आणि सोबत सड्यावरचं दीड एकर गवतही कापून टाकलं. घाई झाली. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस आला आणि चार दिवस थांबेना. लोकांचं भात चोंड्यात आडवं झालं, त्यापुढे गवताचं काय. पण कापलेलं सगळं काळं पडलं, हात घातला तर कुबट वास. ते जनावरांना घातलं नाही. आंब्याच्या रोपांच्या बुडाशी पसरलं.

खरं काम 12 नोव्हेंबरनंतर झालं. आभाळ निवळलं, सकाळी गार आणि दुपारी कडक ऊन. गवताला कुसळं धरली होती, पण अजून कडक व्हायची होती. ती पिकली की जनावरांच्या तोंडात रुततात आणि गवतात कसही उरत नाही. खरं तर आणखी दोन आठवडे आधी कापायला हवं होतं, पावसाने ते होऊ दिलं नाही.

समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटर. त्यामुळे दिवसातली कामाची वेळ फार लहान. सकाळी दव असतं. दहाला पाऊलवाट कोरडी दिसते, पण ओळ उलटी केली तर खालून हात ओला होतो. सासरे रोज सकाळी मुठीत गवत घेऊन पिळायचे. "दंव अजून गेलला नाय, थांब जरा." मी पावणेअकराला रेक सुरू करायची. गवत किंचित नरम असतानाच ओढलं तर पानं गळत नाहीत. बारापर्यंत ओळी तयार, मग बेलर. तीननंतर पश्चिमेचा वारा सुटतो, ती हवा दमट असते. साडेचारला गठ्ठ्याचं वजन हाताला वाढलेलं कळायचं. पाचला बंद.

वाळलं की नाही ते कळायला मिठाची बरणी वापरते. झाकणाच्या कोरड्या बरणीत गवताचे बोटभर तुकडे आणि पाव वाटी मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवायचं. मीठ सुटं राहिलं तर गठ्ठे बांधायला हरकत नाही, गोळा झालं किंवा काचेला चिकटलं तर थांबायचं. आपल्याकडचं मीठ मुळातच पाणी सुटलेलं असतं, म्हणून ते आधी तव्यावर भाजून गार करून घ्यायचं. हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले. तोवर प्रत्येक चाचणीत गवत ओलंच ठरत होतं. ढोबळमानाने ओलावा पंधरा-अठरा टक्क्यांखाली हवा. विसाच्या वर गेला की गठ्ठा आतून तापतो, बुरशी धरतो, आणि मोठी उडवी असेल तर स्वतःहून पेटूही शकते.

तापतो म्हणजे किती, हे मी अनुभवलं. पहिल्या दिवशीचे तीस गठ्ठे संध्याकाळी उशिरा बांधलेले होते. चौथ्या दिवशी मांगरात शिरले तर गोडसर, तंबाखूसारखा वास. लांब लोखंडी सळई गठ्ठ्यांमध्ये खुपसून दहा मिनिटांनी काढली, हातात धरवेना. रात्री दहा वाजता आम्ही दोघांनी ते तीसही गठ्ठे बाहेर काढले, सुतळ्या तोडल्या आणि अंगणात पसरले. सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे. बुरशीच्या धुळीने त्यांना तीन दिवस खोकला होता, त्याचं मला अजून वाईट वाटतं. तोंडाला रुमाल बांधायला तेव्हा सुचलंच नाही. आता पहिले दोन आठवडे रोज सळईने बघते, आणि गठ्ठे भिंतीपासून हातभर दूर, बांबूंच्या थरावर, मधे हवा खेळेल असे रचते.

सड्यावर फुरसं फार. आमच्या भागात गवत कापताना दंश झाल्याचं दरवर्षी कानावर येतं. रात्रभर जमिनीवर राहिलेला गठ्ठा त्याला आवडती जागा. गमबूट, जाड हातमोजे, आणि गठ्ठा उचलताना पलीकडची कड आपल्याकडे उलटवायची, म्हणजे खाली काही असेल तर ते आपल्यापासून दूर राहतं. दोनदा निघालं. दोन्ही वेळा त्याला जाऊ दिलं. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाचं औषध आहे का, ते कामाच्या आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवलं होतं.

जांभ्याच्या सुट्या दगडांनी बेलरची उचलणारी सतरा बोटं वाकली, चार तुटली. रेक खाली आणलेला असला तर तो गवताबरोबर दगडही ओळीत आणतो. दोन बोटं वर उचलून चालवला तेव्हा थोडं गवत मागे राहिलं, पण दगड येणं थांबलं. शिअर बोल्ट सहा तुटले. तो तुटावा म्हणूनच असतो. त्या जागी कडक पोलादी बोल्ट घातला तर पुढचं काहीतरी महागडं तुटतं. खिशात चार ठेवते.

सगळं धरून साडेचार एकरांतून 412 गठ्ठे निघाले. ताणकाट्यावर एकेक गठ्ठा सरासरी तेरा किलोचा. कामाचे दिवस नऊ, डिझेल तासाला चार लिटरच्या आसपास. यातले तीनशे आमच्या गोठ्याला ठेवले. फेब्रुवारी अर्धा सरत आला आहे आणि घाटावरून टेंपो मागवलेला नाही. म्हशींना नुसत्या या गवतावर ठेवता येत नाही, ढेप आणि हिरवा चारा लागतोच. साठ गठ्ठे शेजारच्या गावातल्या दूधवाल्यांनी 110 रुपयांनी नेले. यंत्रांचे पैसे फिटायला बरीच वर्षं लागतील, ते मला माहीत आहे.

रेकची मोका तपासणी 20 नोव्हेंबरला झाली. यंत्रावरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक जुळवून फोटो घेतले. अनुदान 16 जानेवारीला खात्यात आलं.

उरलेल्या 52 गठ्ठ्यांसाठी एक आंबा बागायतदार येऊन गेले. पेट्यांत भरायला त्यांना मऊ गवत लागतं आणि आढीसाठी भाताचा पेंढा. गवत बघून त्यांनी एक गठ्ठा सोडला, मूठभर नाकाशी नेलं, आणि पेंढ्याचेही गठ्ठे करून द्याल का असं विचारलं. आमचं भात अजून हाताने कापतो, झोडून पेंढ्या बांधतो, त्याला बेलरची गरज नाही. पण पलीकडच्या मळ्यात गेल्या वर्षी छोटा हार्वेस्टर आला होता, तिथला पेंढा शेतातच कुजला. त्या मळेवाल्यांशी बोलायला उद्या सकाळी सासरे आणि मी जाणार आहोत.